कुठेही जाणारे चार टायर

तमाम नागपूरकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, ज्या शहरात पानठेल्यासमोरचा बोळसुद्धा आता सिमेंटचा झाला आहे, त्या शहरात चिखल, खडक, वाळू आणि बर्फ अशा चारही ठिकाणी धावणारे टायर लावून भाजी आणायला जाणारा एक इसम प्रतापनगरात राहतो. इसम वयाने बावन्न, पेशाने भूगोलाचा शिक्षक आणि स्वभावाने कुणाचंही न ऐकणारा आहे. तो इसम मी. (बर्फावरची चाचणी अजून व्हायची आहे. कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याशी बोलणं सुरू आहे.)

आमच्याकडे एक पिकअप आहे. पुढे दोन ओळींत पाच माणसं, मागे हौद्यात संत्र्यांची क्रेट. गाडी इतकी जड की रिकामी गल्लीतून गेली तरी शेजाऱ्यांच्या कपाटातल्या कपबश्या एकमेकींशी बोलायला लागतात. काटोलकडे माझ्या सासऱ्यांची संत्र्याची बाग आहे. हंगामात आपणही कामाला यावं, या उदात्त हेतूने मी ही गाडी जुनी विकत घेतली आणि गेल्या वर्षी प्रथमच बागेकडे नेली. डांबरी रस्त्यापासून बागेपर्यंत पांधण आहे, म्हणजे दोन्हीकडच्या शेतांमधून जाणारी बैलगाडीची वाट. ती अस्सल काळ्या मातीची. अर्ध्या वाटेत गाडी अशी रुतली की दार उघडलं तर ते मातीवर टेकलं! काळी माती मी पंचवीस वर्षं फळ्यावर शिकवत आलो आहे. तिला हे बहुधा कुणी कळवलं नव्हतं.

शेवटी बैलजोडी जुंपून गाडी ओढून काढली. माझे सासरे बांधावर बसून सगळं पाहत होते. (आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात.) ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. बैलांना मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने गूळ भरवला.

यंदा पोळ्याच्या आधी मामाजी अंगणात घसरून पडले. वय ब्याऐंशी. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालं आणि ते आमच्याकडे, म्हणजे लेकीकडे, मुक्कामाला आले. लेक म्हणजे माझी बायको सुनंदा. दवाखान्यातल्या व्यायामवाल्या मॅडमनी त्यांना शिकवून ठेवलं होतं की ऑपरेशनचा पाय वीतभरच उचलायचा, त्याच्यावर नाही. मामाजींनी आयुष्यात कुणाचं ऐकलं नसेल, पण त्या मॅडमचं ऐकत. रोज सकाळी आमच्या हॉलमध्ये पाट मांडून ते त्यावर चढत आणि उतरत.

आता त्यांच्या घराची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे घडलं. बागेचा तोडा सुरू होतो त्या दिवशी विहिरीजवळच्या जुन्या झाडाचं पहिलं संत्रं घरच्या मोठ्या माणसाने स्वतःच्या हाताने तोडायचं, विहिरीच्या काठावर ठेवायचं आणि मगच मजुरांनी बागेत पाऊल टाकायचं. साठ वर्षं हे संत्रं मामाजींनीच तोडलं होतं. यंदा बागेचं फळ विकत घेतलेल्या व्यापाऱ्याने तोड्यासाठी दिवाळीनंतरचा रविवार ठरवला, सकाळी दहाची वेळ. सुनंदाचा भाऊ दिलीप गावी शेती पाहतो. त्याने फोनवर हे सांगितलं आणि सुनंदाने ते मामाजींच्या कानावर घातलं.

"दिलीप तोडन," मामाजी म्हणाले. "माहं काय आता." आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. टीव्हीवर त्या वेळी तान्ह्या बाळाच्या साबणाची जाहिरात चालू होती.

मला राहवलं नाही. मी खुर्चीवरून उठलो (माझी उठण्याची एक पद्धत आहे, शाळेच्या गॅदरिंगमध्ये ती वाखाणली गेली आहे) आणि उजवा हात पुढे करून जाहीर केलं की यंदा आपली गाडी थेट विहिरीपर्यंत जाणार, मामाजी सीटवरून पाय खाली ठेवतील तो झाडाच्या सावलीत. मामाजींनी टीव्हीचा आवाज कमी केला. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी गळका नळ स्वतः दुरुस्त करतो म्हणालो होतो, तेव्हा ती अशीच पाहत होती.

झालं! त्या दिवसापासून मी टायरमय झालो. वही केली. रकाने पाडले. रात्रंदिवस फोनवर परदेशी दाढीवाले लोक बघत बसलो, ते डोंगरावरून उभ्याच्या उभ्या गाड्या उतरवत आणि खाली येऊन टायरला थोपटत. मला कळलं की टायरचा गोलपणा हा त्याचा सगळ्यात क्षुल्लक गुण आहे. खरा गुण नक्षीत. नक्षीचे ठोकळे किती मोठे, त्यांच्यामधल्या खाचा किती खोल, बाजूची भिंत किती जाड, वजन किती झेपेल. मामाजींना व्यायामाला नेलं की ते आत पाय उचलत आणि मी बाहेर पार्किंगमध्ये उकिडवा बसून लोकांच्या गाड्यांच्या खाचांत नाणं घालून खोली मोजत असे. एकदा एका जीपच्या मागच्या चाकाशी असा बसलो असताना वरून आवाज आला, "काका, हवा सोडून राहिले का?"

मी अभ्यास करतो आहे, असं सांगितलं. जीपवाल्याने माझा फोटो काढून ठेवला.

शेवटी जरीपटक्यातल्या एका टायरवाल्याकडे गेलो. सुनंदाही सोबत आली. सेठजी जुने, मुरलेले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "साहब, ढोते क्या हो?"

"संत्री आणि सासरे."

सेठजींनी मान डोलावली, जणू दिवसाला अशी चार गिऱ्हाइकं येतात. मग त्यांनी साध्या नक्षीचे, गाडीला मूळचे होते त्याच मापाचे, जाड भिंतीचे टायर दाखवले. वजनाला पक्के, रस्त्याला शांत. मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. माझी नजर वर टांगलेल्या टायरकडे होती. काय ते टायर! एकेक ठोकळा वडीसारखा. खाचा अशा की हात घातला तर कोपरापर्यंत जावा! माप मूळच्यापेक्षा मोठं.

सेठजींनी मला तीनदा समजावलं. एक, हे रस्त्यावर आवाज करतात. दोन, गाडी दोन इंच उचलली जाईल. तीन, ओल्या काळ्या मातीत खाचा भरून जातात आणि मग हे टायर आणि टकला टायर सारखेच. पहिल्याला मी म्हणालो, करू द्या. दुसऱ्याला म्हणालो, उचलली जावी म्हणूनच तर घेतोय. आणि तिसऱ्याला मी सेठजींना काळ्या मातीवर पंधरा मिनिटं शिकवलं. लाव्हारसापासून सुरुवात केली. सेठजींनी हात जोडून ऐकलं आणि पोऱ्याला सांगून मला पाणी दिलं.

"चारों लगा दूँ?" त्यांनी सुनंदाला विचारलं. मला नाही.

"लावा," ती म्हणाली. "पण जुने आम्ही घेऊन जाऊ. मले कुंड्या करायच्या हायेत."

मी दुकानात सगळ्यांसमोर तिच्या या विचाराची थट्टा केली. नवं तंत्रज्ञान घरात येत असताना जुनं भंगार कशाला, वगैरे.  चार जुने टायर हौद्यात चढवून घरी आणले. एकात तिने संध्याकाळीच गोडनिंब, म्हणजे कढीपत्ता, लावला, तीन भिंतीशी रचून ठेवले.

सेठजींचं पहिलं भाकीत जरीपटक्याच्या चौकातच खरं ठरलं. सिमेंटच्या रस्त्यावर टायरांनी जो सूर धरला तो अगदी पिठाच्या गिरणीचा. (आमच्या गल्लीतल्या एक आजी खरोखर फाटकाबाहेर येऊन बघून गेल्या. हातात डबा होता की नाही, ते मी नीट पाहिलं नाही.)

घरी आल्यावर सुनंदाने पूजा केली. हळदकुंकू, नारळ, आणि चार चाकांखाली चार लिंबं. नव्या वाहनाने लिंबं चिरडून पुढे जायचं, एवढं साधं काम. मी गाडीत बसलो, मामाजी दारात खुर्चीवर. गाडी पुढे घेतली. फट्ट. फट्ट. फट्ट.

"चौथं?" सुनंदा म्हणाली.

चौथं लिंबू डाव्या पुढच्या टायरच्या खाचेत जाऊन बसलं होतं. अख्खं. जसं काही त्याच्यासाठीच ती खाच कोरली होती! मी गाडी मागे घेतली, पुढे घेतली. लिंबू चाकासोबत वर जायचं, खाली यायचं, पुन्हा वर जायचं. आकाशपाळण्यात बसल्यासारखं. मी पेचकसाने ते उकरून काढलं. सुनंदाने दुसरं ठेवलं. तेही दुसऱ्या खाचेत जाऊन बसलं. सुनंदाचा चेहरा पडायला लागला. लिंबू फुटलं नाही आणि त्याच गाडीत बाबांना बसवायचं, हे तिच्या मनाला पटत नव्हतं. तेव्हा ती आत काडेपेटी आणायला गेली असताना मी ते लिंबू काढलं, जमिनीवर ठेवलं आणि टाच मारून फोडलं. फट्ट!

"फुटलं गं!" मी ओरडलो.

ती दारातच उभी होती. "लिंबू टायरनं फोडायचं असते," ती म्हणाली. "चपलेनं नाही."

त्या आठवड्यात दिलीपचे तीन फोन आले. तिन्ही वेळा "भाऊजी, त्या पांधणीचं..." एवढंच त्याला बोलता आलं. पुढचं मी बोललो. दिलीपभाऊ, पांधणीचं टेन्शन तुम्ही घ्यायचं नाही. पांधण आता माझा विषय आहे. आणि मग त्याला खाचांची खोली सांगितली. चौथा फोन त्याने केला नाही.

रविवार उजाडला. मामाजी पाच वाजताच धोतर, टोपी घालून तयार. सुनंदाने गाडीच्या दाराशी पाट मांडला, कारण दवाखान्यातून आणलं तेव्हा याच पाटावर उभं राहून ते याच गाडीत बसले होते. मामाजी पाटावर चढले. दाराची दांडी धरली. दुसरा पाय उचलला, मॅडमनी सांगितला तेवढा. पाऊल पायरीच्या दोन इंच खाली हवेत थांबलं.

ते दोन इंच मी ओळखले. ते मी विकत आणले होते.

मामाजींनी पाय खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. "जवाईबापू, गाडी कुठंबी जाते म्हनता नं?"

"कुठेही, मामाजी."

"मंग जरा खाली जाईन का?"

पुढची वीस मिनिटं मी वर्णन करू इच्छित नाही, पण करतो. पाटावर पाट ठेवला, वरचा घसरला. चौरंग आणला, तो डुगडुगला. प्लास्टिकची खुर्ची आणली, तिच्याकडे पाहून मामाजींनी नुसती मान हलवली. मी त्यांना उचलून ठेवण्याची तयारी दाखवली. कमरेत हात घातला आणि माझ्याच कमरेतून असा आवाज आला की मामाजींनीच मला धरलं! साडेसात वाजून गेले. मामाजी पाटावर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"राहू दे वं सुनंदा," ते म्हणाले. "दिलीप तोडन."

सुनंदा भिंतीकडे गेली आणि रचलेल्या तीन जुन्या टायरांपैकी एक घरंगळत घेऊन आली. दाराशी आडवा टाकला. मग दुसरा, त्याच्या पलीकडे. दुसऱ्यावर तिसरा. म्हणजे एक टायर ही पहिली पायरी, दोन टायर ही दुसरी. मधल्या भोकांवर दोन पाट. रबर फरशीवर घट्ट बसलं, इकडचं तिकडे हललं नाही. मामाजी उठले. टोपी घातली. एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि आत. प्रत्येक वेळी मॅडमनी सांगितलं तेवढाच पाय उचलला.

"हेच उतरताना लागतीन," सुनंदा म्हणाली, आणि तिन्ही टायर पाटांसकट हौद्यात टाकले. मी गिरणी सुरू केली.

साडेनऊला पांधणीच्या तोंडाशी पोचलो. दोनच दिवसांपूर्वी पाऊस झाला होता. मी आरशात स्वतःला पाहिलं, बाह्या सरसावल्या, गिअर बदलला आणि पुढे पाहिलं.

चिखल नव्हता. पांधणच नव्हती! तिथे लाल मुरमाचा, दाबून सपाट केलेला, थेट विहिरीकडे जाणारा रस्ता होता. दिलीप तीन फोन करून मला एवढंच सांगू पाहत होता की गावाने पांधणीवर मुरूम टाकला, आता काही काळजी नाही. मी हे पचवतो आहे तोच मागून हॉर्न वाजला. दिलीपची बायको स्कूटीवर, पायाशी जेवणाचा डबा, आम्हाला ओलांडून पुढे गेली. जाताना तिने हातही केला.

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? मुकाट्याने मुरमावरून विहिरीपर्यंत जायचं होतं. पण दीड महिना अभ्यास केलेल्या माणसाच्या टायरांनी चिखलच पाहू नये? विहिरीच्या अलीकडे, रस्त्याच्या डाव्या हाताला, पन्नासेक फूट काळी ओली जमीन चमकत होती.

"मामाजी, दोन मिनिटं," मी म्हणालो. "टायर काय चीज आहे ते दाखवतो."

"कायले?" मामाजी म्हणाले. त्या दिवशीचा तो सगळ्यात शहाणा प्रश्न होता. पण तोवर मी स्टिअरिंग फिरवलं होतं.

पहिले दहा फूट गाडी राजासारखी गेली. पुढचे पाच हत्तीसारखी. त्यानंतर ती म्हशीसारखी बसली. मी खिडकीतून डोकं काढून पाहिलं. एकूणएक खाच काळ्या मातीने लिंपून बंद झाली होती. टायर तुळतुळीत! वडीसारखे ठोकळे कुठे गेले, ते त्या मातीलाच माहीत. सेठजींचं तिसरं भाकीत.

मागच्या सीटवरून सुनंदाचा आवाज आला. शांत, एकच शब्द.

"चप्पल."

दहाला दहा मिनिटं होती. बैल आणायला माणूस गेला, पण बैल दुसऱ्या शेतात. समोर साठ फुटांवर ते झाड, केशरी फळांनी लगडलेलं. त्याच्याखाली मजूर क्रेट घेऊन उभे. व्यापारी छोट्या मोटारीने मुरमावरून सुखरूप येऊन पोचला होता आणि घड्याळ बघत होता. त्याला संध्याकाळच्या आत माल भरून पाठवायचा होता, त्याचंही खरंच होतं. दिलीप चिखल तुडवत गाडीपाशी आला. त्याने चाकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मोठ्या मनाने नजर वळवली. मग हळूच म्हणाला, "बाबा, मी तोडू का?"

मामाजी उंच सीटवर बसून झाडाकडे पाहत होते.  त्यांनी टोपी पुन्हा काढून गुडघ्यावर ठेवली.  मामाजींना त्या झाडापासून साठ फुटांवर आणून अडकवणारा माणूस सबंध काटोल तालुक्यात एकच होता, आणि तो भूगोल शिकवत होता.

"दिलीप, हौद्यातले टायर काढ," सुनंदा म्हणाली.

मी सगळ्यांच्या आधी उडी मारली. घोट्याच्या वर चिखल, एक चप्पल तिथेच राहिली. दाराशी दोन टायरांची थप्पी, त्यावर पाट. पुढे तिसरा, त्यावर दुसरा पाट. जुने टायर चिखलावर बसले ते तराफ्यासारखे, बुडायचं नाव नाही! मामाजी थप्पीवर उतरले. एका बाजूने दिलीप, एका बाजूने सुनंदा. मग पुढच्या टायरवर. ते तिथे पोचले की मी मागचा टायर उपसायचा, पुढे पळत नेऊन टाकायचा, त्यावर पाट ठेवायचा, की त्यांनी पुढचं पाऊल टाकायचं. अशी मिरवणूक निघाली. मजूर क्रेट खाली ठेवून बघायला आले. व्यापारीसुद्धा पाट धरायला वाकला. पंधरा फुटांना सात-आठ पावलं लागली, आणि पांढऱ्या धोतराला एक काळा ठिपका न लागता मामाजी मुरमावर उतरले. तिथून काठी टेकत स्वतः चालत झाडाकडे गेले. कुणाचा हात घेतला नाही.

झाडाशी ते जरा थांबले. एक फांदी खाली ओढली, दोन फळं सोडून तिसरं निवडलं, देठाशी पिळून तोडलं आणि विहिरीच्या काठावर ठेवलं. हात जोडले. मग मागे न पाहता मजुरांना म्हणाले, "हं, लागा कामाले."

दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. व्यापाऱ्याने घड्याळावर बाही ओढली.

बैल साडेअकराला आले. तीच जोडी, गेल्या वर्षीची. (डावीकडच्याने मला ओळखलं. मी नजर चुकवली.) तोवर आम्ही सगळे विहिरीपाशी बसलो होतो. मामाजींना बसायला तीन जुन्या टायरांची थप्पी करून वर पाट ठेवला होता. ते मजेत फोडी खात होते, चेहऱ्यावर दोन महिन्यांत नव्हतं ते ऊन आलं होतं. मला वाटलं, हीच वेळ आहे. काही झालं तरी माणूस आणला आहे आपण. दिलीप, त्याची बायको, व्यापारी, मजूर, सगळे ऐकत होते. मी एक चप्पल घातलेला पाय पुढे टाकून, गॅदरिंगच्या आवाजात विचारलं, "मग, मामाजी? टायर कसे वाटले?"

मामाजींनी वाकून बुडाखाली पाहिलं. काठीने एकेक टायर ठोकून पाहिला. आणि सगळ्या बागेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जबरदस्त हायेत गा, जवाईबापू. मंग नवे काहून घेतले?"